शनिवार पाळणाऱ्या घरांतल्या बायका

'ज्यू' हा शब्द आपल्या घरात येतो तो बहुधा मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकातून. दुसरं महायुद्ध, हिटलर, छळछावण्या, एवढं पाठ करायचं आणि पान उलटायचं. अर्धवेळ शिक्षिका म्हणून हा धडा घेताना मी वर्गात सांगितलं, की ज्यू लोक आपल्या महाराष्ट्रातही शेकडो वर्षं राहत आले आहेत, त्यांच्या घरची भाषा मराठी आणि त्यांच्या आज्या नऊवारी नेसत. लगेच एका मुलीचा प्रश्न आला, "मॅडम, मग त्यांची आडनावं काय असतात?" मी फळ्यावर लिहिली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, अष्टमकर, किहीमकर. सगळा वर्ग हसला. ही तर आपल्या दारव्हेकर, पुसदकरांसारखीच झाली की!

हे आपले बेने इस्रायल. बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची लेकरं. त्यांच्यात पिढ्यानपिढ्या सांगत आलेली गोष्ट अशी, की फार फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. कोकणातल्या खेड्यांत त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'.

तुम्ही म्हणाल, यवतमाळ कुठे, अलिबाग कुठे! आपल्या जिल्ह्यात ना त्यांचं प्रार्थनामंदिर, ना त्यांची आळी. मग या सदरात त्यांचं काय काम? काम आहे. त्या शनिवारचा आपल्या स्वयंपाकघराशी संबंध आहे, आणि त्या घरांतून निघालेल्या दोन-तीन बायकांचा आपल्या वावरांशी. तेच आज सांगायचं आहे.

आधी हे बघा, की गलबत फुटलं तेव्हा धर्मग्रंथही बुडाले असं त्यांची परंपरा सांगते. शिकवायला गुरू नाहीत, वाचायला पोथ्या नाहीत. मुंबईत पहिलं प्रार्थनामंदिर 'शआर हारहमीम' उभं राहिलं ते १७९६ साली, सॅम्युअल इझिकिएल दिवेकर यांनी बांधलेलं. हे लोक त्याला 'मशीद' म्हणत, आणि मशीद बंदर या स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. अलिबागच्या इस्रायल आळीतलं मंदिर १८४८ सालचं. म्हणजे त्याआधीची कित्येक शतकं मंदिर नाही, पोथी नाही. 'शेमा' नावाची एक प्रार्थना तेवढी ओठांवर राहिली. मग धर्म टिकला कशावर? तर चुलीवर आणि दिव्यावर! शनिवार कधी लागतो, कोणता मासा चालतो न् कोणता नाही, मटणाच्या जेवणात दूध-दही का घ्यायचं नाही, मुलाची सुंता आठव्या दिवशी, कडकडीत उपास कोणत्या दिवशी, हे सगळं घराने सांभाळलं. आणि घराने सांभाळलं म्हणजे कुणी सांभाळलं, ते तुम्हा-मला वेगळं सांगायला नको.

सणांची नावंसुद्धा त्यांनी मराठीच ठेवली होती. 'नव्याचा सण', 'खिरीचा सण', आणि दिवसभर दारं लावून उपास करायचा तो 'दारफाळणीचा सण'. १८७४ साली पुण्यात त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्यातल्या चित्रात सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका आहेत, त्याही चक्क लुगडं नेसलेल्या.

आता त्यांचा शनिवार. खरं तर तो शुक्रवारी सूर्य मावळतानाच लागतो. त्याआधी शनिवारचा स्वयंपाक करून ठेवायचा, घर झाडून-पुसून घ्यायचं, अंघोळी आटोपायच्या. मग घरची बाई तेलाचा दिवा लावते आणि प्रार्थना म्हणते. तिथून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, धंदा करायचा नाही. काळ्या मनुका भिजवून केलेल्या सरबतावर आशीर्वाद म्हणायचा, सगळ्यांनी घोट घोट घ्यायचा, एकत्र जेवायचं.

"म्हणजे शुक्रवारी बाईचं दुप्पट मरण!" असं कुणीतरी म्हणणारच. खरं आहे ते. पण पुढचं ऐका. ज्यू लोकांच्या दहा आज्ञांमध्ये या विसाव्याची जी आज्ञा आहे, तिच्यात नुसतं 'तू विसावा घे' एवढंच नाही. मुलगा, मुलगी, घरचा गडी, घरची मोलकरीण, गोठ्यातली जनावरं आणि दाराशी आलेला परका माणूस, या सगळ्यांना त्या दिवशी काम सांगायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. मोलकरणीचं नाव धर्माच्या आज्ञेत! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते.

आपल्याकडे हे अगदीच नाही असं नाही. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही आपण. त्याचे खांदे शेकतो, त्याला सजवतो, पुरणपोळी खाऊ घालतो. बैलाला वर्षाचा एक हक्काचा दिवस आहे. आणि गिरणीतल्या कामगाराला रविवार मिळाला तो नारायण मेघाजी लोखंड्यांनी झगडून, १८९० साली. पण आपल्या घरी धुणंभांडी करणारी जी बाई येते, तिचा पोळा कोणता आणि तिचा रविवार कोणता? चार घरं धरलेली बाई एका घरी "उद्या येत नाही ताई" म्हणाली, की आपल्या कपाळावर आठी येते. दोन खाडे झाले की पगारातून कापायची भाषा होते. हो की नाही?

हा प्रश्न बाजूला ठेवू नका, त्याकडे मी परत येणार आहे. आधी त्या दिव्यापासून निघून दाराबाहेर पडलेल्या बायकांची ओळख करून घेऊ.

१९१३ साली मुंबईत बेने इस्रायल बायकांनी आपलं स्त्री मंडळ काढलं. त्या काळात बायकांनी स्वतःची संस्था काढायची हेच मोठं धाडस होतं. त्याच पिढीतल्या दोन मुली पुण्याच्या हुजूरपागेत शिकल्या होत्या. एक रेबेका रूबेन. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या. हा मान मिळवणारी ही पहिलीच मुलगी. पुढे १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षं त्यांनी मुंबईची इस्रायली शाळा चालवली. ही शाळा हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी १८७५ साली सुरू केलेली. आज ती सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली जाते.

दुसरी मुलगी जेरुशा झिराड. लहानपणी तिची बहीण फार आजारी होती, ती मुंबईच्या कामा हॉस्पिटलात बरी झाली. तेव्हाच या पोरीने ठरवलं, की डॉक्टर व्हायचं आणि याच हॉस्पिटलची मुख्य व्हायचं. सरकारची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. १९१९ साली लंडनहून बाळंतशास्त्रातली एम.डी. घेतली, आणि १९२८ ते १९४७ पर्यंत कामा हॉस्पिटलची सूत्रं खरोखरच डॉक्टर झिराडांच्या हाती होती. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पण मला त्यांचं मोठेपण पदवीत वाटत नाही. बाळंतपणात बाई गेली की 'तिचं नशीब' म्हणायचा तो काळ. अहो, सवाष्ण गेली म्हणून पुण्यवान ठरवायचे! डॉक्टर झिराडांनी १९३७-३८ साली मुंबई शहरातल्या अशा मृत्यूंची रीतसर चौकशी केली. या बायका कशाने गेल्या, ही कारणं शोधून कागदावर मांडली. नशिबाच्या खात्यावरचं मरण त्यांनी कारणांच्या खात्यावर आणलं. कारण कळलं तरच उपाय होतो. आज आपल्या गावची आशाताई गरोदर बाईची नोंद घेते, रक्त तपासायला पाठवते, बाळंतपण दवाखान्यातच करा म्हणून बजावते, त्याच्या मागेही हाच विचार आहे.

आणि डॉक्टरीणबाई धर्मापासून दूर गेल्या नव्हत्या हं! लंडनमध्ये शिकत असताना त्यांचा लिली माँटेग्यू या ज्यू बाईंशी परिचय झाला. या लिलीबाईंनी १८९३ साली कष्टकरी मुलींसाठी क्लब काढला होता. धर्माचा गाभा ठेवून बायकांना बरोबरीचं स्थान द्यावं म्हणून त्यांची खटपट चालली होती. जुन्या पद्धतीच्या मंदिरात बायका वेगळ्या बसतात, बहुधा वरच्या सज्जात. डॉक्टर झिराडांनी १९२५ साली मुंबईत 'ज्यूइश रिलिजस युनियन' सुरू करायला पुढाकार घेतला, तिथे स्त्री-पुरुष एकत्र बसून प्रार्थना करू लागले. एका हाताने दिवा लावायचा आणि दुसऱ्या हाताने खुर्ची पुढे सरकवून घ्यायची, हे त्यांना जमलं.

पुढे १९४८ साली इस्रायल देश झाला आणि आपली ही मंडळी हळूहळू तिकडे निघाली. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांची वस्ती वीस हजारांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सगळे मिळून ज्यू राहिले जेमतेम अडीच हजार. पण तिकडे तरी सगळं सुखाचं होतं का? १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी फर्मान काढलं, की बेने इस्रायल मुलामुलीचं लग्न लावण्याआधी त्यांची आई, आजी, पणजी खरी ज्यू होती का याची चौकशी करा. विचार करा, ज्या आज्यांनी पोथीवाचून, गुरूवाचून नुसत्या चुलीवर आणि दिव्यावर धर्म जपला, त्यांच्याच नावाचा पुरावा मागायचा! लोक गप्प बसले नाहीत. १९६४ साली जेरुसलेममध्ये बायकामुलांसकट कुटुंबं धरणं धरून बसली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केला, की हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि धर्मगुरूंनाही ते फर्मान बदलावं लागलं. तिकडे या मंडळींचं 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघालं, यातच काय ते समजा.

आता शेवटची ओळख, आणि माझ्या मते आपल्याला सर्वांत जवळची. मीरा महादेवन. माहेरचं नाव मिरियम जेकब मेंद्रेकर. बेने इस्रायल घरातली मुलगी, गांधीविचाराकडे वळलेली. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीत, दिल्लीला राजघाटाजवळ प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं. डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बायका, आणि त्यांची तान्ही मुलं तिथेच विटा-वाळूच्या धुळीत पडलेली. मीराबाईंनी ते पाहिलं आणि तिथेच एक तंबू लावून घेतला. पोरं त्या तंबूत आणली, धुतली, खाऊ घातली, निजवली. हाच पहिला फिरता पाळणा, 'मोबाइल क्रेश'. बांधकाम जिथे जाईल तिथे पाळणाघर जाणार. १९७२ साली हे काम मुंबईत आलं, पुढे पुण्यातही. १९७७ साली मीराबाई गेल्या, काम थांबलं नाही. १९९६ साली बांधकाम मजुरांसाठी कायदा झाला, त्यात पन्नासाहून जास्त बायका कामावर असतील तिथे पाळणाघर हवंच असं कलम आलं. २००५ च्या रोजगार हमीच्या कायद्यातही, कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली तर ती सांभाळायला एक बाई नेमायची, अशी तरतूद होती. एका तंबूची गोष्ट कायद्यापर्यंत कशी जाते, ते यात दिसतं.

तर मैत्रिणींनो, आता आपल्या वावरात या. दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यात कापसाची वेचणी सुरू होते. मजुरी किलोवर. जितका वेचाल तितका पैसा. मग तान्ह्याची आई काय करणार? धुऱ्यावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधणार, नाहीतर बंडीच्या सावलीत पोराला टाकणार, आणि सात-आठ वर्षांच्या मोठ्या पोरीला त्याच्याजवळ बसवणार. ती पोर त्या दिवशी शाळेत येत नाही. हजेरी घेताना माझ्यासमोर रिकामी जागा असते, आणि दिवाळीनंतर अशा जागा वाढत जातात. साप-विंचू, फवारणीच्या औषधाचे डबे, उघडी विहीर... पुढचं लिहीत नाही.

इथे राजघाटाएवढं मोठं काम नको, घरगुती उपाय सांगते. गावात बचत गट आहे ना? महिन्याला पैसे गोळा होतात, बैठक होते. वेचणीच्या तीन-चार महिन्यांपुरतं गटाने एक पाळणाघर चालवावं. समाजमंदिराची किंवा कुणाच्या घराची एक खोली मिळाली तरी पुरे. वेचणीला जाणं ज्यांना आता झेपत नाही अशा दोन आजीबाई बसवाव्यात आणि त्यांना रोज द्यावा. फुकट राबवायचं नाही, हे लक्षात ठेवा. ज्या शेतकऱ्याच्या वावरात बाया जातात त्याने, मुलांच्या आयांनी आणि गटाने मिळून तो रोज भरावा. सतरंजी, पाण्याचा माठ, दोन झोळ्या, मुरमुऱ्या-फुटाण्याचा डबा, एवढ्यावर सुरुवात होते. अंगणवाडीताईंना सोबत घ्या. आणि अट एकच, मोठी बहीण शाळेत गेली पाहिजे.

आणि आता घराकडे, मघाचा प्रश्न घेऊन. कामाच्या बाईला आठवड्याची एक सुट्टी द्या, पगार न कापता. ती बाई चार घरी जात असेल तर एकट्या तुमच्या घरची सुट्टी तिच्या कामाची नाही, उरलेली तीन घरं आहेतच. म्हणून शेजारणींनी आपसात बोलून एकच वार ठरवा. आदल्या दिवशी भांडी जरा कमी काढा, सुट्टीच्या दिवशी घरातल्या पुरुषांना आणि मुलांना आपापली ताटं विसळू द्या. बिघडत नाही काही! शिवाय २००८ साली आपल्या राज्याने घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला आहे. अठरा ते साठ वयाच्या बाईची त्यात नोंद होते. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात चौकशी करून तिचे कागद भरायला मदत करा. तुम्हाला अर्धा तास लागेल, तिला एकटीला दोन दिवसांची मजुरी बुडवून खेटे घालावे लागतील.

जाता जाता, नेहमीप्रमाणे एक पदार्थ. बेने इस्रायल घरांत नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात जाताना एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नावाने 'मलिदा' करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा आणि बाजूने फळं. चूल लागत नाही. त्यांच्या नव्या वर्षाला होतो तो 'चिकाचा हलवा'. गव्हाचा चीक आपल्याला कुरडयांमुळे पाठच आहे. तोच घ्यायचा, पण नारळाच्या दुधात शिजवायचा. मटणाच्या जेवणानंतर गाईम्हशीचं दूध त्यांना चालत नाही, नारळाचं चालतं, म्हणून ही युक्ती.

साधारण प्रमाण असं: एक वाटी घट्ट चीक, तीन वाट्या नारळाचं दूध, सव्वा वाटी साखर, चिमूटभर मीठ. सगळं गार असतानाच एकत्र कालवा, म्हणजे गुठळी होत नाही. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सारखं हलवत राहा, हात थांबवू नका. मिश्रण कढईची कड सोडू लागलं आणि चकाकी आली की वेलचीपूड घाला, तेलाचा हात लावलेल्या ताटात ओता, वरून बदाम-पिस्त्याचे काप दाबा. पूर्ण गार झाल्यावर वड्या कापा. तास-दीड तास मोडतो, दोघी असल्या तर आळीपाळीने हलवता येतं. सुट्टीच्या आदल्या दिवशी केलात, तर कामाच्या बाईच्या मुलांसाठी चार वड्या डब्यात घाला. आणि तुमच्या आळीत कोणता वार ठरला, ते मला जरूर कळवा.